कमरेच्या गोळ्या

५ फेब्रुवारी
गाडीवरून पडून दोन वर्षं झाली, कंबर अजून ठणकते. डॉक्टर शुभदाताईंनी दुखण्यावर दिवसाला ट्रॅमाडॉलच्या दोन गोळ्या लिहून दिल्यात. मी सहा घेतो. दिवसभर शाळेत फळ्यापुढं डॉक्टर थोड्याच उभ्या राहतात? तरी सोमवारपासून दोनच. पक्कं.

१० फेब्रुवारी, सोमवार
सकाळी दोन. दुपारी दोन, पण त्या उद्याच्या.

१४ फेब्रुवारी
मेडिकलवाला पंडित चिठ्ठीशिवाय गोळ्या देईना. चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, "सर, तुमी लय घ्यायलात." काउंटरची काच फोडली. कॉलर धरून दोन ठेवून दिल्या. मी रागीट नाही. काच पातळ होती.

१५ फेब्रुवारी
हाताला चार टाके. टाक्यांसाठी वेगळ्या गोळ्या मिळाल्या. एकूण फायदाच.

१९ फेब्रुवारी
सुकेशनीनं डॉक्टरांना फोन केला. बायकोनंच चुगली करावी? मोबाइल हिसकावून भिंतीवर आपटला. उद्यापासून गोळ्या एकदम बंद. दाखवतोच सगळ्यांना.

२० फेब्रुवारी, सकाळी ११
बंद. सोपं आहे. घाम, जुलाब, अंगाला कापरं. फ्लू असणार.

दुपारी ४
पंडितकडं निघालो तर सुकेशनी दारात आडवी. "न्हाई जाऊ देणार." बाजूला सारलं. जरा जोरात. उंबऱ्यावर पडली. मनगट मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. तरी आधी मेडिकलवर गेलो. पंडितनं शटर ओढलं, शटरला लाथा घातल्या. मग घरी आलो.

२१ फेब्रुवारी, सेलू, दवाखाना
सुकेशनीच्या हाताला प्लास्टर. कसं झालं, डॉक्टरांनी विचारलं. "उंबऱ्याला अडखळले," ती म्हणाली. इथं मीही तेच लिहिणार होतो. पण डॉक्टर माझ्याकडंच बघत राहिल्या. म्हणालो, "मी ढकललं."

आधी डॉक्टर सुकेशनीशी एकटीशी बोलल्या. मग मला म्हणाल्या, "सर, कंबर दुखते हे खरं. गोळीची लत लागली हेही खरं. दोन्हीवर इलाज करू. एकदम सोडायच्या नाहीत, हळूहळू कमी करू. रोज इथं येऊन, नर्ससमोर घ्यायच्या." सुकेशनी ताडकळसला भावाकडं राहणार. मला कुणी विचारलं नाही.

तिलाही दुखण्याच्या गोळ्या दिल्या. बाकावर बसून, माझ्याकडं पाठ करून, ती पुडी पोलक्यात खोचायला लागली. हात एकच, त्यामुळं वेळ लागला. तिचं होईपर्यंत मी बाहेर जाऊन थांबलो.