प्रकाशच्या शेजारची जागा

२ मार्च, रविवार. धुळे
सुनंदाने आज मंगळसूत्र काढून कपाटात ठेवलं. बांगड्या आधीच गेल्या होत्या. विश्वासी बाईला दागिना नको म्हणे. लग्नापासून गळ्यात होतं, काळे मणी आणि मध्ये बारीकसा क्रूस. विचारलं, कुणी सांगितलं? "कुणी नाही, वचनात आहे." वचनात म्हणजे हायवेवरच्या प्रार्थना हॉलमध्ये. खाली फर्निचरचं दुकान, वर ड्रम, माईक आणि ब्रदर सॅमसन. मी एस.टी.त कंडक्टर लागलो तेव्हा हा बाबा जन्मलाही नव्हता.

चर्चला एकटाच गेलो. पेटी वाजवली. पाळकसाहेबांनी दारात विचारलं, "वहिनी?" म्हटलं, गुडघे दुखतात. तिचे गुडघे ठणठणीत आहेत.

५ मार्च, भस्म बुधवार
उपवासकाळ सुरू. दरवर्षीप्रमाणे चहा सोडला. डोकं ठणकतंय. सु. म्हणते, असले उपवास माणसांनी काढलेत. ती मात्र दर शुक्रवारी हॉलमध्ये पाण्याचा थेंब न घेता बसते. तो उपवास कुणी काढला म्हटलं तर उठून आत जाते.

समोरच्या पाटीलकाकूंनी सु.चा मोकळा गळा पाहिला आणि लगेच दाराआडून मलाही बघून घेतलं. आहे बाई, अजून आहे मी.

१६ मार्च, रविवार
"एकदा तरी या," म्हणून सु. मागे लागली होती. संध्याकाळी हॉलवर गेलो. आपल्यात 'सलाम' म्हणतात, तिथे सगळे 'प्रेझ द लॉर्ड'. मी सलाम म्हटलं, एका पोरीला हसू आलं. पंखे चार, माणसं दीडशे, आवाज हजारांचा. कान बधिर.

मग सु. रडायला लागली. उभी राहून, दोन्ही हात वर करून, मोठ्याने. "प्रकाश, प्रकाश." कुणी मागे वळून पाहिलं नाही. शेजारच्या बाईने नुसता पाठीवर हात ठेवला.

प्रकाश गेला तेव्हा मी चाळीसगाव डेपोला होतो, घरही तिथेच. एकुलता एक लेक. ताप डोक्यात गेला. तेरावं वर्ष लागलं होतं, त्या ईस्टरला त्याचं दृढीकरण व्हायचं होतं, चर्चच्या मंडळीसमोर उभं राहून स्वतःच्या तोंडाने विश्वास सांगायचा होता. त्यासाठी पांढरा शर्ट शिवला होता. त्याच शर्टात ठेवला त्याला. चाळीसगावच्या कबरस्तानात त्याच्या शेजारी आम्हा दोघांची जागा मंडळीने राखून ठेवली आहे.

इतक्या वर्षांत सु. आमच्या चर्चमध्ये कधी अशी रडली नाही. आमच्यात रडायचं म्हणजे रुमालात. आज वाईट वाटलं. तिचं, आणि आमच्या चर्चचंही.

३० मार्च, रविवार
ईस्टरच्या आदल्या दिवशी पाण्यात उतरणार म्हणते. बुडून बाप्तिस्मा. म्हटलं, तुझा झालाय की. तर म्हणे, "मी तेव्हा आईच्या अंगावर पीत होते. कपाळावर पाणी शिंपडलं, तो काय माझा विश्वास?"
"म्हणजे माझाही धरायचा नाही?"
ती पोळी लाटत राहिली.
"आणि प्रकाशचा?"
रागाच्या भरात निघून गेलं तोंडातून. तव्यावरची पोळी करपली तरी ती तशीच उभी. शेवटी मीच गॅस बंद केला. जेवण नाहीच झालं.

६ एप्रिल, रविवार
सु.ने माझाच प्रश्न जाऊन ब्रदरला विचारला. तो म्हणाला, लहान लेकरं देवाचीच असतात. पण जाणतं झालं की ज्याने त्याने स्वतः ठरवायचं. हिने विचारलं, तेराव्या वर्षी जाणतं म्हणायचं का? तर म्हणाला, "देवाची दया मोठी आहे, अक्का." झालं उत्तर.

घरी आल्यापासून तेच तेच. रागावली किंवा घाबरली की ती माहेरच्या बोलीवर जाते, 'माझा'चं 'मना' होतं, 'आहे'चं 'शे'. "मना पोऱ्या कोठे शे, येवढंच इचारं मी. दया मोठी शे ते माले बी माहित शे."

मी म्हटलं, आपल्या चर्चप्रमाणे तो देवाजवळ आहे, लहानपणीच बाप्तिस्मा करून त्याला देवाच्या हाती दिला होता, सोडून दे ती माणसं. म्हणाली, "तुम्हाला खरंच वाटतं तसं?" हो म्हटलं. जरा उशिरा म्हटलं. तिच्या ते लक्षात आलं.

खरं सांगायचं तर मला माहीत नाही. जन्मभर पेटी वाजवली, सूर चुकला तर लगेच कळतं. यातलं काही कळत नाही.

९ एप्रिल, बुधवार
पाळकसाहेब आणि नाना घरी आले. नाना म्हणजे आमच्या पंच कमिटीचे अध्यक्ष, माणूस वाईट नाही, पण नियमाबाहेर पाऊल टाकणार नाही. जो दुसरा बाप्तिस्मा घेईल त्याचं नाव मंडळीतून कमी. नाव कमी झालं की कबरस्तानात जागा नाही. खानदेशातल्या आमच्या सगळ्या मंडळ्यांना हाच नियम.

नाना म्हणाले, "वहिनी, पोरगं तिथं झोपेल शे आपलं. एवढा तरी इचार करा."
सु. म्हणाली, "त्याचाच करते आहे, नाना."
पाळकसाहेब प्रार्थना करून गेले. चहा मी घेतला नाही, त्यांना दिला. वासाने जीव कासावीस.

१३ एप्रिल, झावळ्यांचा रविवार
शिंदीची झावळी घरी आणली, देवघर नाही म्हणून आपण बायबलच्या मागे लावतो तशी लावली. सु.ने काढली नाही. लावायला मदतही केली नाही.

१८ एप्रिल, गुड फ्रायडे
प्रचंड ऊन. तीन तासांची भक्ती, पेटीवर घामाचे थेंब. मागच्या बाकावर सु. येऊन बसली होती, पांढऱ्या साडीत. घरी आल्यावर तिने विचारलं, "उद्या याल?" हो म्हटलं. उशीर न करता.

१९ एप्रिल, शनिवार
पांझरा नदीत पाणी कुठलं एप्रिलमध्ये. पारोळा रोडला हॉलच्याच एका माणसाचं शेततळं आहे, तिथे नेलं. तळाला प्लास्टिक, गुळगुळीत, धरायला दोर बांधलेला. ब्रदर कमरेइतक्या पाण्यात. काठावर टाळ्या, ड्रम. पाच जण होते, सु. शेवटची.

ब्रदरने विचारलं, "विश्वास आहे?" म्हणाली, "आहे." त्याने तिच्या पाठीला हात लावला, तेवढ्यात ही म्हणाली, "मनासंगे मना पोऱ्यानं नाव बी ल्या. प्रकाश."
काठावर मला स्पष्ट ऐकू आलं. सगळ्यांनाच आलं.
"अक्का, गेलेल्यांसाठी होत नाही तसं."
"का नही व्हत? मी उतरनू ना त्यानासाठी."
तो गडबडला. घाईघाईने पित्याच्या, पुत्राच्या म्हणत तिला मागे झुकवलं. आणि पाण्याखाली जाता जाता ही ओरडली, "प्रकाश!" तोंडात पाणी गेलं. वर आली ती ठसकत. ड्रम थांबलेला. टाळ्या कुणीच वाजवल्या नाहीत. मी वाजवाव्यात की काय ते कळेना. टॉवेल घेऊन पाण्यात उतरलो, चप्पल तिथेच राहिली तळ्यात.

रिक्षात विचारलं, बरं वाटतं का? म्हणाली, "नाक चुरचुरतंय."

२० एप्रिल, ईस्टर
पहाटेची भक्ती कबरस्तानात, धुळ्याच्या. पेटी वाजवली. बातमी माझ्या आधी पोचली होती. हातात हात दिले सगळ्यांनी, पण सलाम कसा तोंडातल्या तोंडात. उपवास सुटला. पहिला चहा घेतला, कडू लागला.

सु. हॉलवर गेली होती. लवकर परत आली. प्रभुभोजन तिला दिलं नाही, भाकरीचं ताट पुढच्या बाईकडे गेलं.

२४ एप्रिल, गुरुवार
ब्रदर सॅमसन घरी. बोलतो नम्रपणे, डोळ्याला डोळा देत नाही. पोरगाच आहे शेवटी. म्हणाला, अक्कांनी सभेत उभं राहून एवढंच म्हणावं की मेलेल्याचं नाव घेतलं ते चुकलं. मग भाकर सुरू.

सु.ने त्याला सरबत दिलं. म्हणाली, "बाळा, तू चांगला आहेस. पण ते मी म्हणणार नाही."

२७ एप्रिल, रविवार
तिचं नाव कमी केल्याचं आज चर्चमध्ये वाचून दाखवलं. मी पेटीवर बसलेलो, उठून जाता येईना. नंतर नानांनी बाजूला घेतलं. अजून वाट आहे म्हणाले. वहिनींनी मंडळीपुढे म्हणावं, पाण्यात उतरले ते चुकलं. नाव परत घेऊ. नाहीतर चाळीसगावला जागेची फार टंचाई आहे, एक कुटुंब थांबलेलं आहे. "तुमची जागा राहील दिलीपभाऊ, तुम्ही काय केलं? एकाची राखू, दुसरी देऊ त्यांना. पुढच्या रविवारी सांगा. नको असेल तर दोन्ही देऊन टाकू."

घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. सु. भांडी घासत होती. म्हणाली, "एकाला म्हणायचं उतरले ते चुकलं, दुसऱ्याला म्हणायचं नाव घेतलं ते चुकलं. दोन्ही एकाच घटकेला केलं हो मी. काय काय चुकलं म्हणू?"

हसलो. बऱ्याच दिवसांनी. मग दोघंही थांबलो.

३० एप्रिल, बुधवार
ती आता कुठेच जात नाही. शुक्रवारी नाही, रविवारी नाही. सकाळी बायबल वाचते, मनातल्या मनात. मंगळसूत्र घाल म्हटलं, नको म्हणाली. हॉलवर जात नाहीस मग कशाला? "आता सवय गेली."

मी चिडलोय. नानांवर, ब्रदरवर, आणि ज्याच्यावर चिडू नये त्याच्यावरही. इतकी माणसं त्याच्या नावाने भांडतात आणि हिला एका प्रश्नाचं उत्तर मिळत नाही.

३ मे, शनिवार
सकाळच्या गाडीने दोघं चाळीसगावला. कबरस्तानात काँग्रेस गवत माजलंय. सु.ने उपटलं, मी कॅनमधून पाणी आणून फरशी धुतली. नावातला 'श' झिजलाय. शेजारी आमची जागा, बाभळीपर्यंत. कुणीतरी चुन्याची रेघ मारून ठेवली आहे मधोमध, अर्धी इकडे, अर्धी तिकडे. ताजी आहे.

म्हटलं, नानांना नको म्हणून सांगतो. दोन्ही देऊन टाकू दे. तू जिथे, तिथे मी. धुळ्याला सरकारी जमिनीत कुठेतरी पुरतील दोघांना.

तिने फरशीवरून ओला हात फिरवला.
"तुम्ही घ्या जागा."
"आणि तू?"
"माझं बघू. तुम्ही इथे या. त्याच्याजवळ परकं माणूस नको. तो अंधाराला भ्यायचा."

तोंड फिरवून कॅन भरायला गेलो, नळाला पाणी गेलेलं होतं.

परतीच्या गाडीत ती खिडकीला डोकं टेकून झोपली. मी बसून होतो. उद्या रविवार. पेटी वाजवायला जायलाच हवं, दुसरं कुणी वाजवणारं नाही. नाना दारातच उभे असतील.