आरशांचा गुन्हा

५ डिसें. ७१, तांडा
निघालो होतो पुसदले, जिनिंगात काम पाहायला. पोहरादेवीच्या अलीकडं पायात बाभळीचा काटा मोडला, तेव्हापासून या बंजाऱ्यांच्या तांड्यावरच आहे. काटा चांदीबाईनं काढला. भाकरही तिचीच. सगळे तिला याडी म्हणतात, म्हणजे आई. मीही म्हणतो. घरी केनवडले आई शोधत असेल, पण ते जाऊ दे.
लढाई लागली. कंदिलाले काळा कागद लावा म्हणून दवंडी.
याडीचा मुलगा हरसिंग बाजारातून अजून आला नाही. बहिणीचं लग्न आहे, तिच्या घागऱ्यावर टाकायचे आरसे आणायला गेला.

६ डिसें.
कळलं. हरसिंगले रस्त्यातच धरला. गस्त घालणारी पोरं, हातात काठ्या. झोळीत टिकलीएवढे आरसे निघाले. आरशानं दुश्मनाच्या विमानाले इशारा देतो म्हणे. तो घाबरून आपल्या बोलीत बोलला, गोरमाटीत. मग झालंच. दुश्मनाची बोली म्हणून आधी मारला, मग ठाण्यात दिला.
तांड्याचा नायक म्हणतो, गप राहा, लढाई सरली का सोडतीन. हरसिंगची बायको रूपली, माझ्याहून लहानच असेल, नायकापुढं कधी तोंड उघडत नाही. ओढणीआडून म्हणाली, "तोवर तो जिता राहीन का?"
नायक उठून गेला.

७ डिसें., ठाण्यासमोर
तांड्यातल्या जवळजवळ सगळ्या बाया पायी आल्या. मीही लंगडत. समोरच्या धुळीत बसल्या, रोजच्याच आरशांच्या कपड्यांत. ऊन चढलं तसे उजेडाचे ठिपके ठाण्याच्या भिंतीवर, छपरावर, शिपायाच्या नाकावर. मी ते पाहत राहिलो, कायले आलो तेच विसरलो. हॉटेलवाला बोललाच, "चालू झाला इशारा, आता येतीन इमानं." गाव हसलं. बाया नाही.
याडी जमादाराले म्हणाली, "हरसिंगचं तोंड दाखवा. मारला असन तर तेबी दाखवा."
जमादार म्हणे लढाईत असं विचारायचं नसतं.
रूपली: "लढाई त्यायच्याशी हाय का आमच्याशी, तेवढं सांगा."
जमादार आत गेला. दार लावून घेतलं.

८ डिसें.
बसूनच. बौद्धवाड्यातून दोघी भाकरी, पाणी घेऊन आल्या आणि बसूनच राहिल्या. आमच्याच समाजाच्या. मले विचारलं, कोणाचा रे तू? केनवडचा म्हटलं. मग आणखी अर्धी भाकर.
याडीचं माहेर मोगलाईतलं. निजामाच्या राज्यात तिच्या बापाले रोज संध्याकाळी हजेरी द्यावी लागे. चोरी केली म्हणून नाही, तांड्यात जन्मला म्हणून. तो कायदा कधीचा गेला, मी म्हटलं.
"गेला मनते," याडी म्हणाली. "आमाले सांगाले कोनी आलं नाही."
दुपारी सुताराच्या आळीत रंधा पाहत बसलो. परत आलो तर त्या तशाच, ऊन तेवढं सरकलेलं.

१० डिसें.
मोठे साहेब आले. खुर्ची बाहेर मागवली. बोलणं गोड. म्हणाले, सगळ्याजणींनी आरसे काढा, इथं ढीग घाला, चूक झाली असं गावासमोर म्हणा. आत्ताच सोडतो.
नायकही आला होता, त्यानं लगेच हात जोडले. याडीनं तर वाटही पाहिली नाही. बाहीचा दोरा दातानं तोडला, आरसा धुळीत पडला. दुसऱ्याले हात घालणार तोच रूपलीनं तिचं मनगट धरलं. सुनेनं सासूचा हात असा धरलेला मी तरी कुठं पाहिला नाही.
"काढू नको याडी. आपण काढले का तो इशारेवाला झाला. मंग कवाबी येतीन अन् नेतीन. त्याले, देवराले, सगळ्यायले."
"माह्या पोटचा हाय तो."
रूपलीनं हात सोडला नाही. बाकीच्यांनीही आरशांवर ओढण्या घेतल्या. साहेब खुर्चीवरून उठले.
कोण बरोबर, मले सांगता येत नाही. याडीच्या जागी असतो तर सगळे उपटले असते.

११ डिसें.
नेला. सकाळी जीप निघाली, जिल्ह्याले म्हणे. रूपली मागं धावली. त्याचा डोळा सुजलेला, पण तो बसलेला होता, एवढंच दिसलं तिला.
याडी सगळ्यांदेखत म्हणाली, "तुह्या हट्टापायी गेला."
तेव्हापासून सुनेशी शब्द नाही. पाण्यालेही वेगळी वाट धरली.

१७ डिसें.
लढाई जिंकली. पेढे, गुलाल, ढोल. मीही ओरडलो, राहवलंच नाही. मग रूपली दिसली. तिच्या हातावर कोणीतरी पेढा ठेवला होता. शेजारच्या पोरीले देऊन ती जमादारासमोर उभी राहिली.
"लढाई सरली ना? मंग कुठं हाय?"
जमादार नरमला होता. आपल्या हातात नाही बाई, म्हणाला, जिल्ह्याले इचार.
नायकानं गाडी दिली नाही. तिनं मले विचारलं, रस्ता ठाव हाय का? हो म्हटलं. मी कधी गेलेलो नाही.

१९ डिसें., जिल्ह्याचं गाव
सरकीच्या ट्रकवर बसून आलो. तांड्यातल्या आणखी दोघी सोबत. याडी आली नाही. निघताना पाठ करून बसली होती.
तुरुंगाचं फाटक. पहारेकऱ्यानं नाव विचारलं. मी सांगायले लागलो तर म्हणे तू कोण त्याचा? कोणी नाही. मी मागं सरलो.
त्यानं रूपलीकडं पाहिलं. बायकोनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, त्यांच्यात नाही अन् आमच्यातही नाही. इतके दिवस याडी घेत होती. सोबतच्या दोघी तिच्या धाकट्या जावा, त्यायनाही जेठाचं, म्हणजे थोरल्या दिराचं, नाव चालत नाही. दोघी जमिनीकडं पाहत उभ्या.
"नाव नाही तर माणूस नाही. चला, व्हा बाजूले."
रूपलीनं तोंडावरची ओढणी मागं केली. नाव घेतलं. पहारेकऱ्याले ऐकू गेलं नाही, जोरात बोल म्हणाला.
"हरसिंग," ती म्हणाली, एवढ्या जोरानं की रस्त्यावरचा गाडीवान वळून पाहायले लागला. "हरसिंग सोमला. माहा नवरा. कुठं हाय तो?"
पहारेकरी आत गेला.
अजून बाहेर आला नाही. ती उभीच आहे. बस म्हटलं, बसत नाही.