नवव्या मात्रेवरचा श्वास

शुक्रवार, बौशर. जेवणाआधी.

वाजवली! मीच बांधलेली गत, माझ्या दम्यासकट, मदिनत सुलतान काबूस वस्तीतल्या भरल्या बैठकीत.

बासरीवर माझी लांब फुंक टिकत नाही. म्हणून तीनतालात नवव्या मात्रेवर, म्हणजे टाळी नसलेल्या 'खाली'च्या जागी, स्वर सोडून चक्क श्वास घ्यायचा, असंच रचलं. छातीतली शिट्टी ऐकू आली तर येऊ दे. तालमीत तबल्यावरचा प्रभू मात्र दर वेळी तिथे तुकडा टाकून ती झाकायचा. "काका, कोणाला कळणार पण नाही." अरे, कळावं म्हणून तर वाजवतोय! आज तरी ऐकेल का हा? शेवटपर्यंत खात्री नव्हती.

पहिल्या आवर्तनात नववी मात्रा आली आणि प्रभूने हात आवरला, नुसता हलका ठेका ठेवला. माइकमधून माझी शिट्टी हॉलभर गेली. बायकोने पर्समधून पंप काढला. मी मान हलवली, नको. बरोबर दहाव्या मात्रेवर सूर धरला. पुढच्या आवर्तनांत लोक नवव्या मात्रेची वाट बघू लागले, ते मला कळत होतं. आणि मग दाद आली ती स्वराला नाही, श्वासाला!

"खलास, काका!" प्रभू ओरडला.

नंतर एक गृहस्थ मुद्दाम आले. "ही श्वासाची जागा कोणत्या गुरूंकडची?"

"दम्याकडची," म्हटलं. "लहानपणापासून तोच शिकवतोय."

ते हसले. मी मात्र खरं तेच सांगितलं होतं.