वेडीची वेणी

मंगळवार, संध्याकाळ

१. ताईला नाटकाच्या तालमीला नेले.
२. मी वेड्या सुनेचे काम करते. दिग्दर्शकांनी सांगितल्याप्रमाणे केस मोकळे सोडून खदाखदा हसले.
३. ताई माझ्याहून मोठ्याने हसली.

दोन वर्षांपूर्वी ताई मनोरुग्णालयात होती. तेव्हापासून घरात ‘वेड’ हा शब्दच बंद आहे. आणि ती सगळ्यांसमोर म्हणते, “केस काहून सोडले वं? मी तं दिवसभर वेणीच घालत होती. एक बट सरकली की सोडायची, पुन्हा घालायची.”

दिग्दर्शक म्हणाले, “मागच्या रांगेले वेणी दिसन काय?”

ताईने स्वतःची वेणी पुढे घेतली. सोडली, घातली, सोडली.

“दिसली नं, भाऊ?”

मग हशा.

मी ऑफिसात नकाशे काढते. रेघ केसभर सरकली तरी पुसते. मग ती वेणी मला आधी का सुचली नाही? घरी ताईने माझ्याकडून माझी वेणी सात वेळा घालून घेतली. सातव्यांदा दोघींना हसू आवरेना. ताई अशी शेवटची कधी हसली होती?

दिग्दर्शकांना उद्या द्यायची चिठ्ठी:

“मी वेणीच घालीन. शिकवायला ताई रोज तालमीला येईल. चालेल की नाही, शुक्रवारपर्यंत कळवावे.”