साखराबाईंच्या "हाव"चा अर्थ लावण्याबाबत

प्रति,
मा. उपविभागीय अधिकारी तथा पीठासीन अधिकारी,
ज्येष्ठ नागरिक निर्वाह न्यायाधिकरण,
लातूर.

अर्जदार : श्रीमती कुसुम रेणुकादास कंधारकर, निवृत्त सहशिक्षिका, रा. मुखेड, जि. नांदेड.

विषय : श्रीमती साखराबाई शेषेराव इंगोले यांच्या "हाव" या शब्दास होकार न समजता त्यांची खरी इच्छा एकांतात विचारून घेण्याबाबत.

संदर्भ : मायाछाया शुश्रूषा केंद्र, लातूर यांचे "प्रथम नाते सिद्ध करावे" असे कळविणारे पत्र.

महोदय,

उपरोक्त विषयी सविनय सादर करण्यात येते की,

१) अर्जदार ही साखराबाईंची कोणीही लागत नाही. हे आरंभीच नमूद केलेले बरे, कारण पुढे प्रत्येक टेबलावर पहिला प्रश्न तोच झाला. अर्जदाराचे यजमान वारल्यापासून ती मुखेड येथे एकटी राहते. साखराबाई शेतकरी घरातल्या. पती शेषेराव गेल्यावर त्यांनी गावाकडची जमीन बटईने दिली आणि त्याच गल्लीत दोन खोल्यांच्या स्वतःच्या घरात राहू लागल्या. समोर नागरबाई बिरादार व कोपऱ्यावर अंगणवाडीच्या निवृत्त मदतनीस भामाबाई. चौघीही पन्नाशी ओलांडलेल्या. कुणाला मूलबाळ नाही, कुणाची मुले हैदराबादेस, पुण्यास किंवा लातूरला. संध्याकाळी नागरबाईंच्या ओट्यावर शेंगा फोडत, लसूण सोलत बसावे, एकीच्या घरी कढी केली की चार वाट्या निघाव्यात, असा गेली कित्येक वर्षे रिवाज आहे.

नागरबाईंच्या गर्भपिशवीचे ऑपरेशन झाले तेव्हा नांदेडच्या दवाखान्यात फरशीवर चादर टाकून साखराबाई झोपल्या होत्या. भामाबाईंच्या मोतीबिंदूनंतर डोळ्यांत औषधाचे थेंब पाळीपाळीने घातले गेले. अर्जदाराच्या यजमानांचे तेरावे उरकून पाहुणे पांगले, त्या दुपारी साखराबाई पिठले-भाकरी घेऊन दारात उभ्या राहिल्या व म्हणाल्या, "आता जेवा बाई. आजवर पावनेच जेवले. तुमची जेवायची येळ आता सुरू झाली." अर्जदार त्या दिवशी पोटभर रडली आणि पोटभर जेवली.

पुढे एकदा भामाबाई तापाने फणफणून घरात पडून होत्या आणि शेजारी असून कुणाला पत्ता लागला नाही. त्या ओशाळवाण्या प्रसंगानंतर चौघींनी आपापल्या घराची एकेक किल्ली एकमेकींकडे देऊन ठेवली.

२) या वर्षी आषाढात एके सकाळी साखराबाईंच्या दारात सडा पडला नाही. हाका मारून उत्तर आले नाही, तेव्हा अर्जदाराने किल्लीने दार उघडले. साखराबाई मोरीपाशी पडलेल्या होत्या. तोंड वाकडे झाले होते, उजवा हात मेल्यासारखा अंगाखाली आला होता, पण डोळे उघडे होते आणि त्या डोळ्यांनी अर्जदाराला ओळखले. नागरबाईंनी जीप बोलावली. नांदेडपर्यंतच्या वाटेत भामाबाईंनी त्यांचे डोके मांडीवर धरले आणि सारखे बजावत राहिल्या, "झोपू नको साखरे, माझ्याकडं बघ. झोपू नको."

साखराबाईंचे एकुलते एक चिरंजीव हरिओम हे लातूर येथे खाजगी कंपनीत नोकरीस असून ते त्याच संध्याकाळी दवाखान्यात पोहोचले. वेळेवर आणल्याने जीव वाचला असे डॉक्टरांनी सांगताच त्यांनी तिघींच्याही पायांवर डोके ठेवले. अर्जदारास हे मुद्दाम लिहावेसे वाटते, कारण पुढील मजकुरावरून ते वाईट आहेत असा ग्रह होऊ नये.

३) जीव वाचला, पण वाचा गेली. डॉक्टर म्हणाले की मेंदूच्या बोलण्याच्या भागाला इजा झाली असून अशा रुग्णाकडे कधी कधी एखादाच शब्द उरतो. साखराबाईंकडे "हाव" हा शब्द उरला.

महोदय, आपल्या भागात "हाव" म्हणजे होय, हे आपण जाणताच. घरी आणल्यावर पहिल्या दिवशी नागरबाईंनी विचारले, "पाणी देऊ का?" साखराबाई म्हणाल्या, "हाव." पाणी दिले तर तोंड फिरवले. "लघवीला जायचंय का?" "हाव." उठवले तर जायचे नव्हते. "लई दुखून राहिलंय का?" "हाव." त्या दिवशी भामाबाई स्वयंपाकघरात जाऊन पदर तोंडात कोंबून रडल्या. जन्मभर जिने कुणाला विनाकारण होकार दिला नाही, भाव करताना बाजारवाल्यास घाम फोडला, तिच्या तोंडी देवाने तेवढा एक होकारच ठेवला.

तरीही दिवस मार्गी लागले. तिघी पाळीने राहत. डाव्या हाताने घास उचलायला शिकवले. भुवई वर गेलेला "हाव" म्हणजे नको, आणि मान खाली घालून म्हटलेला "हाव" म्हणजे हवे, असे काही आम्हां तिघींना उमगू लागले. निदान तसे वाटू लागले.

४) भाद्रपदात महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, उठल्या आणि हरिओम गाडी घेऊन आले. लातूरला एका केंद्रात चांगली सोय आहे, व्यायाम करून घेतात, आईला तिकडे नेतो, असे त्यांनी सांगितले. भामाबाईंनी विचारले, "हितं काय कमी हाय तिला?" त्यावर ते म्हणाले, "मावशी, गावाकडचे लोक तोंडावर बोलून राहिलेत. पोरगा जिता असताना आईचं हागणंमुतणं परक्या बाया काढून राहिल्या म्हणतेत. मी कुठं तोंड दाखवू?"

मग त्यांनी आईजवळ बसून विचारले, "आई, येतीस का माझ्यासंगं लातूरला?"

साखराबाई म्हणाल्या, "हाव."

अर्जदाराने ताबडतोब विचारले, "साखरा, इथंच राहतेस का?"

साखराबाई म्हणाल्या, "हाव."

हरिओम उठले व आईचे कपडे बांधू लागले. जाताना त्यांनी घराची किल्ली मागितली. अर्जदाराने किल्ली त्यांच्या हातावर ठेवली. त्या वेळी भांडायला हवे होते की नव्हते, हे तिला आजही सांगता येत नाही.

५) सदर केंद्रात दाखल करतेवेळी रुग्णास विचारणा झाली व "रुग्णाने स्वतः होकार दिला" अशी नोंद घेण्यात आली. दसऱ्यापूर्वी तिघी एसटीने लातूरला गेल्या. भेट फक्त नातेवाइकांना मिळेल, असे दारातच सांगण्यात आले. फराळाचा डबा आत घेतला, माणसे बाहेर ठेवली. पुढच्या खेपेस भामाबाईंनी आपण सख्खी बहीण असल्याचे ठोकून दिले. व्यवस्थापकांनी हरिओमना फोन लावला; आईला बहीणच नाही हे ते खरेच बोलले; आणि साठीपुढच्या बाईला पहारेकऱ्याने दंडाला धरून फाटकाबाहेर काढले. त्यानंतर संदर्भीय पत्र आले.

पत्रानुसार नाते सिद्ध करावे म्हणून अर्जदार एका कार्यालयात दाखला मागण्यास गेली. तेथील गृहस्थ सज्जन होते. त्यांनी रहिवास, उत्पन्न, वारस, हयातीचा, सर्व नमुने काढून दाखवले व म्हणाले, "बाई, मैत्रिणीचा दाखला कुठल्याच नमुन्यात नाही. तुम्ही भांडण झाल्याची तक्रार आणली तर शेजारी म्हणून नोंद तरी घेता येईल." साखराबाईंशी भांडण व्हायचे तर त्या समोर हव्यात, हे अर्जदाराने त्यांना नम्रपणे सांगितले व ती परत आली. अर्जदाराने जन्मभर मुलांना अर्ज लिहायला शिकवले, पण या अर्जात आपले नाव कोणत्या रकान्यात घालावे हे तिला सुचेना.

६) दिवाळीनंतर भामाबाईंनी अन्न कमी केले. उपोषण वगैरे नव्हे. घास उतरेना एवढेच. नागरबाई ओट्यावर बसेनाशा झाल्या. शेवटी अर्जदार एकटी लातूरला हरिओम यांच्या घरी गेली. त्यांच्या पत्नीने चहा केला. अर्जदार म्हणाली, "बाबा, तुझ्या आईवर माझा हक्क आहे असं मी म्हणत नाही. मला एकदा बघू दे. आमची बाई कशी आहे ते डोळ्यांनी बघू दे." हरिओम यांनी गाडीची किल्ली उचलली व ते तिला केंद्रावर घेऊन गेले.

साखराबाई स्वच्छ होत्या. केस मात्र बारीक कापलेले, सोयीसाठी. व्यायामाने पाय थोडा सुधारला होता, हेही खरे. मुखेडला तो तसा सुधारला नसता. अर्जदार जवळ जाताच त्यांनी डाव्या हाताने तिचा पदर मुठीत धरला. अर्जदाराने विचारले, "साखरा, घरी यायचं का?" "हाव." हरिओम खाली वाकून म्हणाले, "आई, माझ्यापाशी राहायचं ना?" "हाव." अर्जदाराने भुवईकडे पाहिले, मानेकडे पाहिले. तिला काहीही वाचता आले नाही. मग साखराबाईंनीच, कुणी काही विचारले नसताना, "हाव, हाव, हाव" असे मोठ्याने म्हणण्यास सुरुवात केली, चेहरा लाल झाला, आणि त्या ओरडू लागल्या. परिचारिका धावत आली. तिने मुठीतली बोटे एकेक करून सोडवली. अर्जदार म्हणाली, "तिनं मला धरलंय, तिला यायचंय." परिचारिका समजुतीने म्हणाली, "आजी, असे पेशंट हाताला लागेल ते धरतात. चादर सोडवायला पण असंच करावं लागतं."

बाहेर आल्यावर हरिओम भिंतीला टेकून उभे राहिले. ते म्हणाले, "मावशी, रोज येतो मी. रोज इच्यारतो. ती रोज हाव म्हणती आन् मी समाधान करून घेतो. आज तिच्या तोंडाकडं बघून कळलं, मला काय बी ठाव न्हाई." अर्जदार म्हणाली, "मलाही नाही रे." दोघे तेथेच पायरीवर बसून राहिले. शेवटची बस चुकली म्हणून त्यांनी तिला घरी ठेवून घेतले.

मुखेडला येऊन अर्जदाराने सारे सांगितले, तेव्हा भामाबाई भडकल्या. "पदर धरला म्हंजे काय ते मला कळतंय! उद्या जाऊ आन् उचलून आनू." त्यावर नागरबाई हळूच म्हणाल्या, "आन् तिला पोरापाशीच ऱ्हायचं असंल तर? आपन आपल्या करमंना म्हनून तिला आनून ऱ्हायलो का, हे बी बघा की." हा प्रश्न कोणाला आवडला नाही. पण त्यानंतर तिघींपैकी कोणालाही तो टाळता आला नाही.

७) सबब विनंती की, मा. न्यायाधिकरणाने या प्रकरणी स्वतःहून दखल घ्यावी. अर्जदार ही नातेवाईक नाही व साखराबाईंनी तिला लेखी अधिकार दिलेला नाही, देऊही शकत नाहीत, ही अडचण मान्य आहे. मागणी एवढीच की, वाचा गेलेल्या रुग्णांशी संवाद साधण्याचे शिक्षण घेतलेल्या तज्ज्ञास पाठवावे. घराचे चित्र, केंद्राचे चित्र, हरिओमचा फोटो, आमचा फोटो, जे लागेल ते आम्ही देऊ. एकदा विचारून भागणार नाही. वेगवेगळ्या दिवशी, चित्रांच्या जागा बदलून, पुन्हा पुन्हा विचारावे, आणि त्यांचा हात कुठे जातो ते पाहावे. तोपर्यंत कोणत्याही कागदावर "रुग्णाने होकार दिला" असे कुणी लिहू नये, आमच्या बाजूनेही नाही.

विचारणा होताना केंद्राची माणसे खोलीत नसावीत. हरिओम नसावेत, त्यांनी यास कबुली दिली असून तसे लेखी पत्र सोबत जोडले आहे. आणि महोदय, अर्जदारास व तिच्या दोन्ही मैत्रिणींनाही बाहेर काढावे. भामाबाई सहजासहजी जाणार नाहीत, त्यांना जरा दटावून सांगावे लागेल.

साखराबाईंचा हात मुखेडकडे गेला तर त्यांना घरी सोडावे. पायाचा व्यायाम शिकून घेण्याची तिघींची तयारी आहे. तो लातूरकडे गेला तर आमची तक्रार नाही, फक्त अधूनमधून भेटू द्यावे व नोंदवहीत नात्याच्या जागी काय लिहावे ते आपणच ठरवून द्यावे. आणि हात कुठेच गेला नाही, तर मात्र काय करायचे हे आम्हांला ठाऊक नाही. त्या दिवशी हरिओमला एकटे घरी पाठवू नये, आम्ही त्याच्यासोबत थांबू.

आपल्या कार्यालयाच्या बोलावण्याकडे डोळे लावून बसलेली,

(सही)
कुसुम रेणुकादास कंधारकर

सहमत :
नागरबाई महादेवप्पा बिरादार (सही)
भामाबाई (सही, "दटावून" या शब्दास हरकत नोंदवून)

ठिकाण : मुखेड
दिनांक : ११ डिसेंबर २०२३

सोबत :
दवाखान्यातून सोडल्याचे कार्ड, छायाप्रत.
संदर्भीय पत्राची छायाप्रत.
श्री. हरिओम शेषेराव इंगोले यांचे संमतिपत्र.
नागरबाईंच्या ओट्यावर काढलेला चौघींचा फोटो. साखराबाई डावीकडून दुसऱ्या, हसताना डोळे मिटलेले.