बाबांचे चार प्रश्न

३१ डिसेंबर, दुपारचे तीन

प्रिय धाकटे,

ताईचे आशीर्वाद. तू खुशाल असशील, आणि तुझ्या वॉर्डातले पेशंट तुझ्या धाकाने त्याहून खुशाल असतील. इकडे माझी कंबर सोडली तर सगळं ठीक.

आज दुकान अर्धा दिवसच होतं. दोन पँटी आखूड केल्या, एका कोटाचं अस्तर बदललं आणि मालकांना म्हटलं, आता मशीनला आणि मला, दोघींनाही सुट्टी द्या. घरी येऊन चहा केला आणि बाबांच्या नियमाप्रमाणे लिहायला बसले. वर्षाच्या शेवटच्या दिवशी आपल्याला टेबलाशी बसवून चार प्रश्न घालायचे, आठवतं? काय वाचलंत, कुठे फिरलात, काय खाल्लंत, घरच्यांसाठी काय केलंत. थाप मारली की टर्रकन पान फाडायचे.

गेली सहा वर्षं मी लिहिते आणि तू उत्तर देत नाहीस. त्या पत्रांत मी थापाच मारल्या म्हणा. तो समुद्र, ते डोंगर, यातलं काहीएक मी पाहिलेलं नाही. बाबा असते तर सहाही पानं टराटरा फाडली असती. यंदा खरं लिहिते.

वाचन. अख्ख्या वर्षात एक पुस्तक, तेही चाळीस पानं. हसू नकोस. आईला फेब्रुवारीत वृद्धाश्रमात ठेवलं, हे तुला कळवलं होतंच. दोनदा गॅस तसाच चालू ठेवून ती रस्त्यावर निघून गेली, मग माझा इलाज चालेना. दर रविवारी तिला एक खुनाची कादंबरी वाचून दाखवते. चाळिसाव्या पानापर्यंत तिला झोप लागते आणि पुढच्या रविवारी काही आठवत नाही, की पुन्हा पहिल्यापासून. पलीकडच्या खाटेवर एक निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. त्यांना दिसत नाही, पण कान असे तिखट की काय सांगू! जूनमध्ये त्या कडाडल्या, "अहो बाई, मी मरायच्या आत खून कुणी केला तेवढं तरी कळू द्या!" मग एकदा आई झोपल्यावर त्यांना शेवटचं प्रकरण वाचून दाखवलं. "मला वाटलंच होतं," म्हणाल्या. त्यांना कसलं वाटलं होतं, कप्पाळ! पण बऱ्याच दिवसांनी मी मोठ्याने हसले.

प्रवास. सतरा नंबरची बस, पहिल्या थांब्यापासून शेवटच्या थांब्यापर्यंत, एक तास दहा मिनिटं. जाताना डावीकडची खिडकी पकडते, म्हणजे ऊन लागत नाही. तापाचे दोन रविवार सोडले तर एकही चुकला नाही.

खाणं. आईसाठी दुधात भिजवलेला पाव आणि मऊ उकडलेला बटाटा. बाकी वार मी एकटीच. एकटीसाठी ताट कशाला खरकटं करायचं, म्हणून ओट्याशी उभी राहून पातेल्यातूनच खाते. रागावशील, माहीत आहे. रागवायला तरी कुणी हवंच आहे.

आई बारीक झाली आहे. तिचे गाऊन मी दोनदा बाजूने आत घेतले, आता आणखी घेतले तर काखेत ओढतील.

चौथा प्रश्न मुद्दामच मागे ठेवला होता.

पहिल्याच महिन्यात आई मला म्हणाली, "धाकटे, आलीस?" मी म्हटलं, "आई, मी ताई." तिचा चेहरा उतरला. भिंतीकडे तोंड केलं आणि घास घेईना. तीन रविवार हेच. चौथ्या रविवारी मी म्हटलं, "हो गं, आले." तिने अख्खा पाव संपवला. तेव्हापासून रविवारी मी तू असते. मुख्याध्यापिकाबाईंनी ते सगळं ऐकलंय. मी निघताना त्या हळूच म्हणतात, "सांभाळून जा, थोरल्या बाई." आठवड्यात तेवढीच एक हाक माझ्या वाट्याची.

ऑगस्टमध्ये आईने माझा हात धरला. म्हणाली, "बाबा गेले तेव्हा चार माणसांत मी तुला नको ते बोलले. जगाला औषधं पाजतेस, बापाला पाणी पाजायला आली नाहीस, म्हणाले. जिभेला हाड नव्हतं बघ माझ्या. माफ कर गं." आणि मी म्हटलं, "जाऊ दे आई, मी विसरले." तुला न विचारता तुझी माफी देऊन टाकली मी. मला तो हक्क नव्हता. मला तर सगळ्यांत कमी होता.

कारण त्या शुक्रवारी आईने मला सांगितलं होतं, बाबांचं काही खरं दिसत नाही, धाकटीला फोन लाव. मी फोन घेऊन गॅलरीत गेले, थोडी थांबले आणि आत येऊन म्हटलं, लागत नाही. मी लावलाच नव्हता. आठ महिने त्यांचं सगळं अंथरुणात मी केलं, आणि तू दारात दिसलीस की ते तुझ्याकडेच बघत राहणार, हे मला ठाऊक होतं. दोन दिवस मला हवे होते गं, फक्त माझे. म्हटलं, रविवारी लावू. रविवारी सकाळी ते गेले.

आई तुला बोलली तेव्हा मी चहाचा ट्रे धरून उभी होते. तू एवढंच म्हणालीस, "मला कुणी कळवलंच नाही." मी कपांकडे बघत राहिले. नीच वागले मी.

मला माफ कर, असं म्हणत नाही. माझ्याशी बोललीच पाहिजेस, असंही नाही. पण आईकडे ये. पत्ता पाठीमागे लिहिला आहे.

गेल्या रविवारी गाऊनची बटणं लावताना ती मला म्हणाली, "थोरली कशी आहे? इकडे फिरकतसुद्धा नाही." मी म्हटलं, "कामात असते." तर म्हणाली, "असू दे. तिला सांग, मी रागावले नाही. वाट बघते म्हणावं."

तू येशील त्या रविवारी मी बाहेरच्या बाकावर बसेन. आधी तू तिच्याजवळ बस, हवं तेवढा वेळ. मग दार उघड आणि तिला सांग, आई, ही बघ, ताई आली. माझ्या तोंडून तिला ते पटत नाही.

अजून तुझी असेन तर, तुझीच,
ताई