शिकून काय उरलं

श्रीगोंदा,
१६ नोव्हेंबर १९४९

चि. सौ. दयास,
तुझ्या आईचे अनेक आशीर्वाद. प्रभूच्या कृपेने आम्ही बरे आहोत. शेळी व्याली, दोन करडं झाली. बाजरी ठीक आली. तुमच्या राहुरीकडे कशी आहे?

पुण्यात नवीन विद्यापीठ निघालंय ना, तिथल्या दिघेबाई आल्या आहेत. आपल्या मुलींच्या बोर्डिंगाचा लोकांना खरंच काही उपयोग होतो का, ते पाहायला आपल्या ख्रिस्ती मंडळीनेच बोलावलं. आम्ही हौसेने किती मुली शिकल्या ते सांगू लागलो. बाई म्हणाल्या, ते नको. शिकून काय उरलं ते मी मुलींच्या सासरी जाऊन पाहते. बाईंना भाकरी थापता येत नाही, पण चुलीपाशी बसून बायकांना बोलतं करतात.

बोर्डिंग बाबांच्या हाती, म्हणून मुलींची नावं त्यांनीच सांगितली. तुझं सांगितलं नाही. ते बाहेर गेल्यावर मी सांगितलं. रागावू नकोस. तू मंडळीबाहेर, हिंदू घरातल्या गहिनीनाथांशी लग्न केलंस तेव्हापासून या घरात तुझं नाव निघत नाही, आणि मला तुझी खबर हवी होती गं.

रविवारी उपासनेनंतर बाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं. कुणाच्या घरी पाणी उकळून पितात, कोण शेजारणींना वाचायला शिकवते. मग म्हणाल्या, राहुरीजवळ एका शेतकऱ्याची सून रोज दळायच्या आधी मूठभर बाजरी वेगळ्या मडक्यात टाकते. सासू चांगुणाबाई बाईंना म्हणाल्या, "कुनासाठी म्हनून इचारलं, तर नुस्ती हसती. मडकं भरलं की गावातल्या म्हाताऱ्या बनुबाईला देती." बाईंना काही उलगडलं नव्हतं.

इथल्या बायकांना सांगावं लागलं नाही. रविवारी प्रभूच्या देवळात द्यायला रोज अशी मूठ काढायची रीत आपल्या ख्रिस्ती घरांतलीच. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या, मी पदर तोंडाला लावला.

बाबा उभे राहिले. मला वाटलं, आता निघून जाणार.

"वाळली तर न्हाई ना ती?" त्यांनी विचारलं.

बाई म्हणाल्या, कोण?

"दया. माझी लेक."

त्या दिवशी ते जेवले नाहीत. तुला बोलाव असं काही अजून म्हणाले नाहीत. मी म्हणते. सासूबाईंना विचारून, गहिनीनाथांना घेऊन ये. तुला पोटाशी धरावंसं फार वाटतं.

पत्र टपालात टाकायला बाबा पायताण घालून दारात उभे आहेत, म्हणून थांबते.

तुझी वाट पाहणारी,
आई